‘स्कारबरो फेअर’ची ब्रास वाद्यांसाठी जॅझ मांडणी: कॉर्ड चालीतूनच काढाव्या लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा अशा ब्रास क्विंटेटसाठी, म्हणजे पाच पितळी फुंकवाद्यांच्या संचासाठी, सोबत ड्रमसेट धरून, ‘स्कारबरो फेअर’ या पारंपरिक इंग्रजी लोकगीताची जॅझ मांडणी करायची आहे. पहिला मसुदा लिहून झाला आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी जॅझमधला नेहमीचा ‘टू-फाइव्ह-वन’, म्हणजे पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) क्रम योजला आहे, कॉर्डमध्ये नवव्या आणि तेराव्या स्वरांची भर घातली आहे, वादकही चांगले आहेत. तरीही तालमीत गाणे हरवते आणि हॉटेलच्या लॉबीत वाजणारे काहीतरी सुखद संगीत तेवढे उरते. नेमके काय बिघडते आहे, आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी?

बिघाड ‘टू-फाइव्ह-वन’मध्येच आहे, आणि तो स्वर मोजून दाखवता येतो. त्यासाठी आधी चाल कॉर्डशिवाय, नुसती गाऊन पाहावी. आज सर्वत्र गायली जाणारी ही चाल डोरियन मोडमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडच्या काफी थाटाचेच स्वर: गंधार आणि निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध. पहिली ओळ ‘सा सा प प प रे ग रे सा’ अशी जाते. षड्जावरून थेट पंचमावर उडी, मग रिषभावर उतरून गंधाराला शिवून पायरी पायरीने परत. दुसरी ओळ पंचमावरून तार षड्जापर्यंत चढते आणि ‘रोजमेरी’ या शब्दापाशी शुद्ध धैवताला स्पर्श करून पंचमावर विसावते. तिसरी वरून खाली कोसळत येते. चौथी ‘सा प म ग रे सा नि सा’ अशी उतरून मंद्र कोमल निषादावरून षड्जावर पोहोचते. एकूण आवाका मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंतचा, एका सप्तकाहून एकाच स्वराने मोठा.

यातल्या दोन गोष्टींवर सगळी मांडणी उभी राहते. पहिली अशी की संपूर्ण कडव्यात शुद्ध धैवत एकदाच येतो. तो वगळला किंवा कोमल केला तर हीच चाल आसावरी थाटातली, अधिक सरधोपट आणि अधिक रडवी होऊन बसते. दुसरी अशी की चालीत शुद्ध निषाद कुठेही नाही आणि समाप्ती कोमल निषादावरूनच होते. आता तुमचा ‘टू-फाइव्ह-वन’ यावर ठेवून पाहा. षड्ज सी धरला तर तुमची ‘टू’ ही कॉर्ड डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह आहे, तिच्यात ए फ्लॅट म्हणजे कोमल धैवत आहे. तुमची ‘फाइव्ह’ जी सेव्हन आहे, तिच्यात बी नॅचरल म्हणजे शुद्ध निषाद आहे. चाल ज्या दोन स्वरांवर स्वतःची ओळख सांगते, नेमके तेच दोन स्वर दर चार बारनंतर तुमच्या कॉर्ड खोडून काढतात. गाणे हरवते ते यामुळे. नववे-तेरावे स्वर कितीही घातले तरी हा झगडा मिटत नाही, उलट त्या गर्दीत तो लपतो आणि ऐकणाऱ्याला फक्त एक संदिग्ध गोडवा जाणवत राहतो.

कॉर्ड बदलण्याआधी गाण्याची थोडी माहिती असणे उपयोगाचे आहे, कारण मांडणीतले दोन-तीन निर्णय तिच्यातून निघतात. उत्तर यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावाला १२५३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने जत्रेची सनद दिली. ती १५ ऑगस्टपासून २९ सप्टेंबरच्या मायकलमसपर्यंत, तब्बल ४५ दिवस चालत असे. गाण्याचे शब्द मात्र जत्रेविषयी जवळपास काहीच सांगत नाहीत. ते ‘द एल्फिन नाइट’ या जुन्या बॅलडच्या कुळातले आहेत, जिला फ्रान्सिस चाइल्ड यांच्या बॅलड-संग्रहात दुसरा क्रमांक आहे. त्यात दोघे एकमेकांना अशक्य कामे सांगतात: शिवण आणि सुईकाम न करता सदरा शिवायचा, तो कोरड्या विहिरीत धुवायचा, समुद्राचे पाणी आणि वाळू यांच्या मधली एकरभर जमीन शोधून ती मेंढ्याच्या शिंगाने नांगरायची, तिच्यात मिरीचा दाणा पेरायचा आणि पीक चामड्याच्या विळ्याने कापायचे. आज आपण जी चाल ओळखतो ती लोकगायक इवान मॅकॉल यांनी १९४७ मध्ये डरहम परगण्यातल्या मिडलटन-इन-टीसडेल येथे मार्क अँडरसन या शिशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या कामगाराकडून टिपून घेतली. तिथून ती लंडनच्या लोकसंगीत क्लबांत आली, लोकगायक मार्टिन कार्थी यांनी तिला गिटारवर स्वतःचे रूप दिले, ते पॉल सायमन यांनी ऐकले, आणि १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकेल यांच्या ध्वनिमुद्रणाने ती जगभर गेली. बहुतेक वादकांच्या कानात हेच ध्वनिमुद्रण बसलेले असते, त्यामुळे सगळे नकळत हळू, हळवे आणि धूसर वाजवू लागतात. खाणकामगाराने गायलेली, परस्परांना डिवचणाऱ्या दोघांची ही चाल आहे, हे तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. निम्मा हळवेपणा तिथेच उतरतो.

आता कॉर्ड. पहिल्या कडव्यात मी जवळजवळ काहीच देणार नाही. ट्यूबाकडे सी आणि जी, म्हणजे षड्ज-पंचम, आणि त्यावर चाल. तानपुऱ्याच्या सवयीच्या कानाला हे अपुरे वाटणार नाही. पण पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या वादकांना तिसरा स्वर नसलेली पोकळी अस्वस्थ करते आणि ते ‘इथे काहीतरी राहिले आहे का’ असे विचारतात. राहू द्यावे. दुसऱ्या ओळीत चाल ए नॅचरलवर येते तिथे, आणि फक्त तिथे, एफ मेजर कॉर्ड उघडावी: ट्यूबा एफवर, ट्रॉम्बोन सीवर, आणि चालीतला ए हाच त्या कॉर्डचा तिसरा स्वर. मायनरच्या सावलीतून मेजरचा उजेड एका बारपुरता पडतो, आणि तो चालीनेच पाडलेला असतो. हा क्षण राखण्यासाठी त्याच्या आधीच्या सर्व स्वरमेळातून ए हा स्वर पूर्णपणे वगळावा, अशी माझी शिस्त आहे. मांडणीकार इथेच घसरतात. डोरियन म्हटले की सी मायनर सिक्स लिहिण्याचा मोह होतो, तो सहावा स्वर म्हणजे हाच ए, आणि तो पहिल्या बारपासून ऐकवला की ‘रोजमेरी’पाशी काही घडतच नाही.

दुसऱ्या कडव्यापासून जॅझचा रंग आणावा, पण तो चौथ्यांच्या रचनेतून (चौथा म्हणजे सा ते शुद्ध म एवढे अंतर, मेजर तिसरा म्हणजे सा ते शुद्ध ग). सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी असे पाच स्वर खालून वर रचले तर तीन शुद्ध चौथे आणि वर एक मेजर तिसरा अशी कॉर्ड तयार होते. १९५९ मधल्या माइल्स डेव्हिस यांच्या ‘सो व्हॉट’मध्ये बिल इव्हान्स यांनी पियानोवर वाजवलेली ती हीच रचना, आणि योगायोगाने ती पाच स्वरांची असल्याने क्विंटेटमध्ये प्रत्येकाला बरोबर एक स्वर येतो: ट्यूबाला सी, ट्रॉम्बोनला एफ, हॉर्नला बी फ्लॅट, दुसऱ्या ट्रम्पेटला ई फ्लॅट, पहिल्याला जी. या कॉर्डमध्ये ए नाही. तीच आकृती एक स्वर वर सरकवली की डी, जी, सी, एफ, ए मिळते आणि ए सर्वांत वर, पहिल्या ट्रम्पेटमध्ये येतो. म्हणून खालची आकृती घरासारखी वापरावी आणि वरची आकृती धैवताच्या जागेसाठी राखून ठेवावी. पियानोवादक या दोन आकृत्यांमध्ये सतत झुलत राहतात आणि पियानोवर ते शोभते. पाच ब्रास वाद्यांनी तेच केले तर चार बारांत कान थकतो, कारण प्रत्येक स्वराला श्वासाचे वजन असते.

समाप्तीसाठी जी सेव्हनच्या जागी जी मायनर सेव्हन लिहा. तिच्यात जी, बी फ्लॅट, डी, एफ आहेत, चालीतला कोमल निषाद तिच्याच पोटात आहे, आणि ‘सा नि सा’ ही अखेर विनासायास पार पडते. दुसरा पर्याय मला अधिक आवडतो, पण तो एखाद्याच कडव्यात वापरावा: शेवटच्या निषादाखाली डी फ्लॅट मेजर सेव्हन. बी फ्लॅट हा डी फ्लॅटचा सहावा स्वर असल्याने चालीला धक्का लागत नाही, बास अर्ध्या स्वराने सीवर उतरतो, आणि शुद्ध निषादाशिवाय जॅझची ओढ मिळते. तिसऱ्या ओळीच्या उतरणीखाली बासला सी, बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट असे उतरवता येते. तिथे ए फ्लॅट मेजर सेव्हन आली तरी चालते, कारण दुसऱ्या ओळीत शुद्ध धैवत गाऊन झालेला असतो आणि आता तोच स्वर काळोखात जातो असे ऐकू येते. क्रम उलटा असता तर मी ही परवानगी दिली नसती.

आणि तुमची जी सेव्हन? ती पूर्ण फेकून देऊ नका. जी सेव्हन शार्प नाइन या कॉर्डमध्ये खाली बी नॅचरल आणि वर बी फ्लॅट, म्हणजे स्वरनामाने ए शार्प, एकत्र नांदतात. त्यामुळे चालीतला कोमल निषाद वर ठेवून खालून शुद्ध निषाद घासवता येतो. हा ब्लूजचा ओरखडा आहे. शेवटून दुसऱ्या कडव्यात, सगळे जोरात असताना, एकदा वापरावा. मसुद्यात बारा वेळा असलेली कॉर्ड एकदाच आली की तिला अर्थ येतो.

ब्रासच्या मोठ्या वृंदासाठी इंग्रजी पारंपरिक चालीची जॅझ मांडणी म्हटली की सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे ‘ग्रीनस्लीव्हज’ आठवणे स्वाभाविक आहे. १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या इंगलवूड क्लिफ्स येथील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ते ‘आफ्रिका/ब्रास’ या संग्रहासाठी ध्वनिमुद्रित झाले. ट्रम्पेट, अनेक फ्रेंच हॉर्न, युफोनियम आणि ट्यूबा असा तो ताफा होता आणि वृंदाच्या बाजूत एरिक डॉल्फी यांचा मोठा वाटा होता. ते जरूर ऐका, विशेषतः हॉर्न आणि युफोनियम चालीच्या मागे जाड, गडद पडदा कसा धरतात ते; ट्यूबावर असलेले बिल बार्बर माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५० मधल्या नऊ जणांच्या वृंदातही होते, आणि ट्यूबाने नुसते ‘उम्’ करण्यापलीकडे काय करावे हे त्या दोन्ही ठिकाणी कळते. मात्र कॉर्डची नक्कल तिथून करू नका. ‘ग्रीनस्लीव्हज’च्या समाप्तीत शुद्ध निषाद चालीतच आहे, तिच्यामागे सोळाव्या शतकातला ठरीव बास आहे, त्यामुळे मेजर ‘फाइव्ह’ कॉर्ड तिला परकी नाही. ‘स्कारबरो फेअर’ला ती परकी आहे. दोन्ही चाली तीन मात्रांच्या, दोन्ही इंग्रजी, दोन्ही मायनर भासणाऱ्या, म्हणून त्यांना एकाच साच्यात घालण्याची चूक अनेक छापील मांडण्यांतही दिसते.

पट्टीची निवड ब्रासमध्ये अर्धी मांडणी असते. वर मी षड्ज सी धरला तो उगीच नाही. सी डोरियनमध्ये चालीचा आवाका मधल्या सीच्या लगेच खालच्या बी फ्लॅटपासून वरच्या सीपर्यंत येतो. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्न (ट्रम्पेटचा मऊ आवाजाचा भाऊ) यांचे स्वर वाजतात त्याहून एक स्वर वर लिहितात, म्हणून त्यांच्या पानावर ही डी डोरियन दिसते, म्हणजे एकही शार्प किंवा फ्लॅट नाही, आणि हॉर्नच्या पानावर एकच फ्लॅट. पहिले कडवे फ्लूगलहॉर्नला द्यावे. दुसऱ्या ट्रम्पेटवादकाकडे ते असते आणि पहिल्याचे ओठ पुढच्यासाठी ताजे राहतात. एक सावधगिरी हवी. या पट्टीत षड्ज पानावर खालचा डी होतो, तो पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबून निघतो आणि वाद्याच्या घडणीमुळेच थोडा चढा लागतो. चाल नेमकी याच स्वरावर सुरू होते आणि संपते, खाली ट्यूबाचा उघडा षड्ज-पंचम, म्हणजे लपायला जागा नाही. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड बाहेर ढकलण्याची खूण पानावरच करून ठेवावी. याच्या उलट, एफ मेजर कॉर्डमधला ए वाजवणाऱ्याने तो पियानोच्या ए पेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली घ्यावा, म्हणजे कॉर्ड खऱ्या अर्थाने जुळते. पियानो सोबत नसल्याचा हा फायदा आहे आणि तो सोडू नये. गायकी अंगाने वाढलेल्या मराठी वादकांना ही गोष्ट शब्दांत सांगावी लागत नाही, एकदा षड्ज लावून दिला की पुरते.

दुसरे कडवे ट्रॉम्बोनला, एक सप्तक खाली. या जागी ट्रॉम्बोन जितका माणसाच्या आवाजाजवळ जातो तितका दुसरे कुठलेही वाद्य या संचात जात नाही. घसरत्या स्वरांचा, म्हणजे ग्लिसांडोचा मोह आवरावा. एकाच स्वरमालिकेवर, सातव्या पोझिशनपर्यंतच्या स्लाइडच्या प्रवासात बसणारा ग्लिसांडोच खरा वाजतो, आणि तो जास्तीत जास्त तीन पूर्ण स्वरांचे म्हणजे षड्जापासून तीव्र मध्यमाइतके अंतर कापतो. उदाहरणार्थ वरच्या बी फ्लॅटवरून खालच्या ई पर्यंत. त्याहून मोठी रेघ पानावर ओढणारा मांडणीकार वादकांच्या विनोदांचा विषय होतो.

लयीबद्दल. चाल तीन मात्रांची आहे आणि तिला जॅझ वॉल्ट्झ सहज मानवतो. मिनिटाला साधारण १३२ ते १४४ मात्रा ही गती मला योग्य वाटते. त्याहून हळू गेलात की लांब स्वर वादकांच्या अंगावर येतात, त्याहून जलद गेलात की शब्दांचा टोला जातो. ड्रमवर सुरुवातीला ब्रश आणि दुसऱ्या मात्रेवर हाय-हॅट एवढेच. ट्यूबाला मात्र तीन सारखे आघात देऊ नका. तीन मात्रांच्या बारमध्ये त्याला दीड-दीड मात्रेचे दोन स्वर द्या, सी आणि जी; वर तीन, खाली दोन, अशी ओढ निर्माण होते आणि जॅझचा झोका तिथूनच येतो, कॉर्डमधून नव्हे. दर दोन बारनंतर त्याला श्वासापुरती जागा ठेवा. ट्यूबावादक हा सोशिक प्राणी असतो, लिहिलेले सगळे वाजवतो, पण सलग सोळा बार चालणारा बास लिहिला तर नवव्या बारपासून स्वर मागे पडू लागतात आणि दोष ड्रमवाल्याला लागतो.

लोकगायक ओळीच्या शेवटी स्वर हवा तेवढा धरतो. संगीतकार पर्सी ग्रेंजर यांनी १९३७ मध्ये फुंकवाद्यांच्या बँडसाठी लिहिलेल्या ‘लिंकनशर पोझी’मध्ये गायकांची ही अनियमितता बारांच्या बदलत्या मापांतून जशीच्या तशी उतरवली आहे. जॅझमध्ये एकट्याने वाजवणाऱ्याला ठराविक चौकट लागते, म्हणून आपल्याला तितके मोकळे राहता येत नाही. पण सोळा बारांचा चोख चौरसही टाळावा. मी प्रत्येक ओळीला चार बार देतो आणि दुसऱ्या ओळीनंतर दोन बार वाढवतो, म्हणजे कडवे अठरा बारांचे होते. धैवताच्या उजेडानंतर थांबायला जागा मिळते, आणि त्या दोन बारांत म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवून आवाज बदलणारी टोपी) लावण्या-काढण्याचे काम एखाद्या वादकाला सुरू करता येते. १३२ च्या गतीला चार बार म्हणजे साधारण साडेपाच सेकंद. म्यूट बदलायला इतका वेळ तरी लागतोच, हॉर्नला त्याहून जास्त.

एकट्याने वाजवायच्या फेऱ्यांसाठी पूर्ण कडव्याच्या कॉर्ड देऊ नका. सी मायनर आणि एफ यांवर आठ-आठ बारांचा झोका द्या, इशारा मिळेपर्यंत पुनरावृत्ती. ब्रास क्विंटेटमधले अनेक वादक शास्त्रीय शिस्तीत वाढलेले असतात आणि उत्स्फूर्त वाजवायचे म्हटले की त्यांच्या तोंडचे पाणी पळते. त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. सी डोरियनमध्ये तीन पंचस्वरी मायनर स्वरमाला बसतात: सीवरची, जीवरची आणि डीवरची. सी आणि जी यांच्या मालेत ए नाही, डीच्या मालेत आहे. पहिल्या फेरीत पहिली, मग दुसरी, आणि शेवटच्या फेरीत तिसरी वापरायला सांगावे. म्हणजे धैवत राखून ठेवण्याची गोष्ट न समजावताही त्यांच्या बोटांतून पाळली जाते. ज्याला तेही अवघड वाटते त्याला एक फेरी लिहून द्यावी आणि पानावर ‘लिहिलेली’ असे छापू नये.

अशक्य कामांचा सवाल-जवाब इथे कामाला येतो. ट्रम्पेटला प्लंजर म्यूट द्या, ट्रॉम्बोनला उघडे ठेवा, आणि दोघांना चार-चार बारांनी भिडवा. प्रत्येकाने समोरच्याच्या शेवटच्या तीन स्वरांपासून सुरुवात करायची, एवढाच नियम. हॉर्न आणि कप म्यूट लावलेला दुसरा ट्रम्पेट यांचे मागे चौथ्यांच्या आकृतीचे आखूड ठोके, मात्रेच्या मधल्या जागी. हॉर्नबद्दल इतके लक्षात ठेवावे की त्याची घंटा मागे तोंड करून असल्याने ठोका प्रेक्षकांपर्यंत किंचित उशिरा आणि गोलसर होऊन पोहोचतो. त्याला टोकदार जॅझ ठोके एकट्याने देऊ नयेत, सोबत दुसरा ट्रम्पेट असला की टोक तो देतो आणि गाभा हॉर्न.

मग चढाई. शेवटच्या मोठ्या कडव्यासाठी एफ डोरियनवर जावे. ट्यूबाने चार बार सी धरून ठेवावा. तो आतापर्यंतचा षड्ज ऐकणाऱ्यांच्या नकळत नव्या पट्टीचा पंचम होतो आणि तिथून तो एफवर उतरला की सगळे घर वर उचलले जाते. पहिल्या ट्रम्पेटची चाल आता पानावर खालच्या एफपासून वरच्या जीपर्यंत जाते, चमकदार पण सुरक्षित. खालचे तीन स्वर चालीला चिकटवून लिहू नका, नाहीतर ट्रॉम्बोन नको तितका वर जातो. वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकावा: चाल एफवर असेल तेव्हा पहिला ट्रम्पेट एफ, दुसरा सी, हॉर्न ए फ्लॅट, आणि ट्रॉम्बोन खाली ई फ्लॅट. ट्यूबा यांच्यापासून दूर, मूळ स्वरावर. सगळ्यात खालच्या सप्तकात कधीही तिसऱ्याचे अंतर ठेवू नये, तिथे फक्त पाचवे किंवा आठवे. अन्यथा सभागृहात नुसती घरघर ऐकू येते. या कडव्यात सरळ अठरा बार सगळे जोरात असतील तर त्याआधी पहिल्या ट्रम्पेटला किमान तितकीच विश्रांती दिलेली आहे का, ते पान उलटून मोजा. ब्रासची मांडणी ओठ संपल्यामुळे जितकी फसते तितकी कॉर्डमुळे फसत नाही.

स्विंग कसा लिहावा, हा तालमीत सर्वाधिक वेळ खाणारा विषय आहे. अर्ध्या मात्रांचे स्वर सरळच लिहावेत आणि वर ‘स्विंग’ लिहावे; बिंदू घालून लांब-आखूड लिहिले की शास्त्रीय वादक ते लष्करी कवायतीसारखे वाजवतात. खरा फरक जिभेचा असतो. मात्रेच्या मधल्या स्वरावर जीभ लावायची आणि तिथून पुढच्या मात्रेवर बांधून जायचे, अशा रेघा प्रत्येक पानावर स्वतः ओढा, वादकांवर सोडू नका. उत्तर इंग्लंडच्या ब्रास बँडांच्या परंपरेतल्या वादकांबरोबर काम करताना मी आणखी एक सूचना देतो: कंप पूर्ण बंद, फक्त शेवटच्या कडव्यात लांब स्वराच्या उत्तरार्धात चालेल. त्या परंपरेतला सततचा गोड कंप अतिशय सुंदर असतो, पण चौथ्यांच्या कॉर्डमध्ये पाचही जण कंप देऊ लागले की आकृती विरघळते.

हीच मांडणी पुढे पूर्ण ब्रिटिश ब्रास बँडसाठी वाढवायची असेल तर कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि बास अशी साधारण पंचवीस जणांची रचना असते आणि बास ट्रॉम्बोन सोडून सर्वांची पाने ट्रेबल क्लेफमध्ये लागतात, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. फ्रेंच हॉर्नचे काम टेनर हॉर्नांकडे जाते, पहिले कडवे फ्लूगलहॉर्नकडेच राहते. मात्र पंचवीस जणांना पंचवीस स्वर देण्याची गरज नाही. पहिल्या कडव्यातली पोकळी तिथेही पोकळीच राहिली पाहिजे, आणि वीस जणांनी गप्प बसणे हे त्या मांडणीतले सर्वांत अवघड पान असते.

शेवट कसा करावा असेही तुम्ही विचाराल. सी डोरियनवर परत येऊ नका, एफवरच थांबा. शेवटच्या ओळीत ड्रम बंद, ट्यूबा आणि ट्रॉम्बोन यांच्यात उघडे एफ-सी, आणि चाल हॉर्नला. अखेरचा ‘नि सा’ वाजल्यावर कॉर्डमध्ये तिसरा स्वर घालण्याची इच्छा होईल, मायनर म्हणून ए फ्लॅट किंवा जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे मेजर म्हणून ए नॅचरल, दोन्ही नकोत. हवेच असेल तर हार्मन म्यूट लावलेल्या ट्रम्पेटला डी, म्हणजे नव्या पट्टीतला शुद्ध धैवत द्यावा, अगदी हळू, आणि म्यूटची दांडी काढून. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये.

राहिला हक्काचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही पण छापताना येईलच. चाल आणि मूळ शब्द पारंपरिक आहेत, त्यामुळे पानावर ‘पारंपरिक, मांडणी’ आणि पुढे तुमचे नाव एवढे लिहावे. मात्र कार्थी यांची गिटारची आकृती आणि सायमन-गारफंकेल यांच्या ध्वनिमुद्रणात मूळ चालीच्या मध्ये विणलेली दुसरी चाल ही पारंपरिक नाहीत. तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या कडव्यात दुसऱ्या ट्रम्पेटला दिलेली प्रतिचाल त्या दुसऱ्या चालीच्या फार जवळ जाते असे तुम्ही केलेल्या वर्णनावरून दिसते. तेवढे अठरा बार नव्याने लिहावेत, आणि लिहिताना चौथ्या ओळीचे ‘प म ग रे सा’ उलटे फिरवून, ‘सा रे ग म प’ असे चढवून पाहावेत, कारण ते तिसऱ्या ओळीच्या उतरणीखाली नेमके बसतात.